जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादीही छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर बँकांच्या ताबा-नोटिसा आणि लिलावाच्या जाहिराती नित्य छापून येतात. कर्जदाराचे नाव, थकीत रक्कम, मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, राखीव किंमत असे सारे काही तेथे बारीक अक्षरांत असते. धनकोला म्हणजे कर्ज देणाऱ्याला काय घेता येते, हे वाचकाला त्यातून पुरेपूर कळते. ऋणकोकडून म्हणजे कर्जदाराकडून काय घेता येत नाही, याबद्दलची एक ओळही मात्र मी त्या पानांवर कधी वाचलेली नाही. सुमारे तीस वर्षे दिवाणी न्यायालयात, त्यातही बहुतांशी दरखास्तींच्या म्हणजे हुकूमनाम्यांच्या (न्यायालयाच्या अंतिम आदेशांच्या) अंमलबजावणीच्या कामात वकिली केल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, कर्जात बुडालेल्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान बेलीफ, म्हणजे जप्ती बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी, करत नाही. बेलीफ दाराशी येण्यापूर्वीच, भीतीपोटी आणि अज्ञानापोटी, तो माणूस ते स्वतःच्या हाताने करून बसलेला असतो. या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची मुभा द्यावी, ही विनंती.

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या एका गृहस्थांचे उदाहरण मनातून जात नाही. हातउसने, क्रेडिट कार्ड आणि दोन ठिकाणची विनातारण कर्जे मिळून देणे इतके वाढले होते की नादारीचा म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. पण ते आले तेव्हा दोन्ही शिलाई यंत्रे विकून आलेले पैसे सर्वांत जास्त तगादा लावणाऱ्या सावकाराच्या हाती देऊन झाले होते, आयुर्विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी मोडून ती रक्कम क्रेडिट कार्डाच्या व्याजात जिरली होती आणि राहते घर मेव्हण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून झाले होते. ‘आता माझ्याकडे काहीच उरलेलं नाही, मग कोण माझं काय वाकडं करणार,’ असे त्यांनी काहीशा समाधानानेच मला सांगितले. यंत्रे ही कारागिराची हत्यारे असल्याने ती कायद्याने त्यांच्याकडेच राहिली असती. पॉलिसीच्या पैशाला कोणी हात लावू शकले नसते. सावकाराला दिलेले पैसे इतर धनकोंच्या दृष्टीने पक्षपात ठरले. घर वाचलेच असते असे मी म्हणणार नाही, परंतु बक्षीसपत्रामुळे ते वाचले तर नाहीच, उलट त्या कागदामुळे गृहस्थांच्या हेतूविषयीच संशय निर्माण झाला. या चारही गोष्टी करायला त्यांना कोणत्याही न्यायालयाने सांगितले नव्हते.

दिवाळखोरी म्हणजे अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर येणे, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की ‘दिवाळे निघाले’ हा शब्दप्रयोगच शिवीसारखा वापरला जातो. कायद्याच्या नजरेने पाहिले तर ती एक देवाणघेवाण आहे. ऋणकोने आपल्याजवळचे सारे काही, काहीही न लपवता, न्यायालयापुढे मांडायचे, धनकोंनी त्यातून प्रमाणशीर वाटा घ्यायचा आणि त्यानंतर फिटू न शकलेल्या देण्यांतून ऋणकोची मुक्तता व्हायची. जगण्याला आणि पुन्हा कमावण्याला जे लागते ते या वाटपातून आधीच बाजूला काढले जाते. यात धनकोवर अन्यायही होत नाही. सुताराची करवत-रंधा विकून हाती येणारी रक्कम नगण्य असते, पण त्या विक्रीने कमावणारा हात कायमचा थांबतो. इंग्लंडमध्ये १७०५ साली झालेल्या कायद्याने, सहकार्य करणाऱ्या दिवाळखोराला उरलेल्या कर्जातून मुक्त करण्याची तरतूद प्रथम केली आणि त्याच कायद्याने मालमत्ता लपवणाऱ्या लबाड दिवाळखोराला देहदंड ठेवला. देहदंड यथावकाश गेला, पण प्रामाणिकपणे उघड करणाऱ्याला संरक्षण आणि लपवणाऱ्याला शिक्षा ही जोडी आजही जवळजवळ प्रत्येक देशाच्या नादारी कायद्यात टिकून आहे. ती ध्यानात न घेतल्यामुळेच लोक संरक्षणाच्या शोधात लपवाछपवीकडे वळतात.

आता प्रत्यक्ष यादीकडे येतो. आपल्या देशात तिचा पाया १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० हा आहे. ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, पलंग व अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. ऋणको शेतकरी असेल तर अवजारे, तसेच चरितार्थासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी गुरे आणि बियाणे त्याच्याकडेच राहतात. शेतकरी, मजूर किंवा घरकाम करणारा नोकर यांच्या मालकीचे आणि त्यांच्या वहिवाटीतले राहते घर, लगतच्या जागेसह, जप्तीपासून मुक्त आहे. मजुराची व घरकामगाराची मजुरी, हिशेबाच्या वह्या, भविष्य निर्वाह निधी, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीपीएफ, निवृत्तिवेतन व उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, ऋणकोच्या स्वतःच्या आयुर्विमा पॉलिसीखाली मिळणारी रक्कम, भावी पोटगीचा हक्क हे सारे या यादीत आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीला तर १९५२ च्या स्वतंत्र कायद्याच्या कलम १० चेही कवच आहे.

निवृत्तिवेतनाबद्दल एक शंका नेहमी विचारली जाते. पैसे एकदा हातात पडले, बँकेत ठेव म्हणून ठेवले, की ते साधे पैसे होतात आणि संरक्षण जाते, असे अनेकांना वाटते आणि या भीतीने निवृत्त माणसे ती रक्कम मुलांच्या खात्यांवर विखरून टाकतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेल्या एका निकालात असे स्पष्ट केले आहे की, निवृत्तिवेतन व उपदान यांची रक्कम निवृत्ताने स्वीकारून मुदत ठेवीत ठेवली तरी तिचे मूळ स्वरूप बदलत नाही आणि कलम ६० चे संरक्षण कायम राहते. तेव्हा ही रक्कम विखरण्यापेक्षा ती इतर पैशांत न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवणे आणि ती कोठून आली याचे कागद जपणे, हेच शहाणपणाचे आहे.

पगाराचा हिशेब मुद्दाम मांडतो, कारण ‘सगळा पगार कापून नेतील’ या धास्तीने नोकरी सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. पोटगीचा हुकूमनामा वगळता इतर हुकूमनाम्यांसाठी पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त असतो. म्हणजे मासिक पगार ३१,००० रुपये असेल तर ३०,००० च्या एक-तृतीयांश, म्हणजे जास्तीत जास्त १०,००० रुपये जप्त होऊ शकतात आणि २१,००० रुपये हातात राहतात. पगाराचा हा भाग सलग किंवा मध्ये खंड पडून एकूण २४ महिने जप्तीखाली राहिला, तर त्यानंतरचे १२ महिने पगारावर पुन्हा जप्ती आणता येत नाही, आणि ती २४ महिन्यांची जप्ती एकाच हुकूमनाम्यापोटी झाली असेल तर त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा होतो. या तरतुदीची माहिती नसलेल्या एका कारकुनाच्या पगारातून २४ महिन्यांनंतरही कपात चालूच राहिली होती. ती थांबवण्यासाठी एक साधा अर्ज पुरला.

कलम ६० मधील आणखी एका पोटकलमाकडे लक्ष वेधणे मला अत्यंत आवश्यक वाटते. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात अशी भर घातली गेली की, या संरक्षणाचा लाभ सोडून देण्याचा करार ऋणकोने केला तरी तो करार रद्दबातल समजावा. कर्ज देताना पुढे केलेल्या छापील फॉर्मवर ‘माझी कोणतीही मालमत्ता जप्त करण्यास माझी हरकत नाही’ अशा आशयाचे वाक्य असते आणि त्याखाली आपण सही केली आहे या अपराधी भावनेने लोक गप्प बसतात. अशा सहीने कलम ६० चे संरक्षण जात नाही, एवढे जरी वाचकांपर्यंत पोहोचले तरी या पत्राचे चीज झाले असे मी मानीन.

परंतु येथे एक मोठी खाच आहे. ही यादी वाचून तारण ठेवलेली वस्तूही वाचेल असे कोणी समजू नये. जे कर्ज त्या वस्तूवरच दिले आहे त्याच्या वसुलीला हे संरक्षण आडवे येत नाही. गहाण घर, हप्त्यावर घेतलेले वाहन, सोनेतारणात ठेवलेला दागिना, कर्जापोटी अभिहस्तांकित केलेली म्हणजे धनकोच्या नावे करून दिलेली पॉलिसी यांवर त्या धनकोचा हक्क आधीच निर्माण झालेला असतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत वगळलेल्या मत्तेची जी व्याख्या कलम ७९ मध्ये आहे, तिच्यातील प्रत्येक प्रकाराआधी ‘बोजारहित’, म्हणजे कोणत्याही कर्जाचे तारण नसलेली, हा शब्द विचारपूर्वक घातलेला आहे. आता ऋणको शेवटच्या वर्षभरात काय करतो ते पाहा. विनातारण कर्जाचे हप्ते थकले की तो घरातले दागिने सोनेतारणाला नेतो, पॉलिसीवर कर्ज उचलतो, घरावर वाढीव कर्ज घेतो आणि त्या पैशांतून विनातारण धनकोचे तोंड तात्पुरते बंद करतो. ज्या वस्तूला कोणी हात लावू शकत नव्हते तिच्यावर तो स्वतःच बोजा चढवतो आणि ज्या धनकोला नादारीत रुपयामागे काही पैसेच मिळाले असते त्याला पूर्ण रक्कम देऊन बसतो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो हा. नादारीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला मी एकच सल्ला देत आलो आहे की, नवे तारण देऊन जुने विनातारण देणे फेडू नये आणि भविष्य निर्वाह निधी मोडू नये.

ज्या बँकेचे कर्ज थकले आहे त्याच बँकेत पगाराचे खाते ठेवणे ही अशीच एक साधी चूक आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७१ प्रमाणे बँकेला ग्राहकाच्या तिच्याकडील वस्तूंवर व रोख्यांवर सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे येणे फिटेपर्यंत त्या अडवून ठेवण्याचा हक्क, असतो, तसेच आपले येणे खात्यातील शिलकीतून वळते करून घेण्याचा हक्कही बँका वापरतात. पगार दुसऱ्या बँकेच्या खात्यात उघडपणे वळवून घेणे यात लपवण्यासारखे काही नाही, फक्त ते खाते अर्जात दाखवायला विसरू नये.

जप्तीपासून मुक्त वस्तू आणि मुळातच ऋणकोची नसलेली वस्तू यांत फरक करायला हवा आणि तो घराघरांत होत नाही. पत्नीचे स्त्रीधन ही तिची स्वतंत्र, संपूर्ण मालकीची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. पतीच्या नादारीत ते येतच नाही, मग ते वगळावे की नाही हा प्रश्नच कोठे उरतो? तीच गोष्ट विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८७४ च्या कायद्याच्या कलम ६ खाली घेतलेल्या पॉलिसीची. पतीने पत्नी व मुलांच्या लाभासाठी त्या कलमाखाली स्वतःच्या आयुष्यावर विमा उतरवला तर तो त्यांच्यासाठीचा न्यास म्हणजे ट्रस्ट मानला जातो आणि पतीच्या धनकोंचा त्यावर हक्क चालत नाही. अर्थात धनकोंना फसवण्याच्या हेतूने तो उतरवला असेल तर गोष्ट वेगळी. पॉलिसी घेताना फॉर्मवर तशी नोंद करणे एवढेच करायचे असते, परंतु ते कोणी सुचवत नाही. दागिन्यांच्या पावत्या कोणाच्या नावावर आहेत, घरातील कोणती वस्तू भाड्याने आणलेली आहे, कोणती मुलाने स्वतःच्या कमाईतून घेतली आहे, याचे कागद सुस्थितीत ठेवणे हे ऋणकोच्या कुटुंबाचे खरे काम. दुसऱ्याची वस्तू चुकून जप्तीत गेली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ प्रमाणे हरकत घेता येते, मात्र वस्तू विकली गेल्यानंतर किंवा मुद्दाम विलंब लावून घेतलेली हरकत न्यायालय ऐकून घेत नाही.

आता हस्तांतरणांविषयी, कारण बहुतेकांचा घात येथेच होतो. भावाच्या नावे जमीन, मेव्हण्याच्या नावे घर, मुलीच्या नावे ठेव हे प्रकार ज्यांना युक्ती वाटतात, त्यांना कायदे करणाऱ्यांनी ही युक्ती शे-दोनशे वर्षांपूर्वीच ओळखली होती याची कल्पना नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५३ प्रमाणे धनकोंना चकवण्यासाठी केलेले हस्तांतरण रद्द करून घेता येते. १९२० च्या नादारी कायद्यात मोबदल्याविना केलेले हस्तांतरण दोन वर्षांच्या आतले असेल तर ते रद्द होऊ शकते आणि एखाद्याच धनकोला झुकते माप देणारी परतफेड अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांतील असेल तर तीही उलटवता येते. २०१६ च्या संहितेत कमी किमतीच्या व्यवहारांसाठी दोन वर्षे, तर पक्षपाती व्यवहारांसाठी नातेवाइकांसारख्या निकटवर्तीयांच्या बाबतीत दोन वर्षे आणि इतरांच्या बाबतीत सहा महिने असा मागोवा घेतला जातो. मालमत्ता परत ओढली जाते एवढ्यावर हे थांबत नाही. मालमत्ता लपवल्याचे किंवा हलवल्याचे सिद्ध झाले तर १९२० च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाला बिनशर्त मुक्तता नाकारावीच लागते. म्हणजे ज्यासाठी नादारीचा अर्ज केला तेच हातचे जाते. अमेरिकेतही अर्जापूर्वी वर्षभराच्या आत धनकोंना फसवण्यासाठी मालमत्ता हलवणाऱ्याची कर्जमुक्ती नाकारली जाते.

अमेरिकेतील एक निकाल येथे आठवतो, जो माझ्या म्हणण्याला थोडा छेद देणारा आहे म्हणूनच तो सांगितला पाहिजे. एका ऋणकोने घरावर खोटे कर्ज दाखवून घराची किंमत लपवली आणि ते उघडकीस आणण्यात नादाराची मत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्ताचे पाच लाख डॉलरहून अधिक खर्ची पडले. तो खर्च ऋणकोला घरापोटी मिळणाऱ्या ७५,००० डॉलरच्या वैधानिक सवलतीतून वसूल करू द्यावा, असा मुद्दा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एकमताने सांगितले की, कायद्याने दिलेली सवलत न्यायालयाला स्वतःच्या अधिकारात काढून घेता येणार नाही, लबाडीला शिक्षा करण्याचे इतर मार्ग कायद्यात आहेत. लबाड माणसाचीसुद्धा सवलत जेथे इतकी पक्की मानली जाते, तेथे सरळ माणसाने तिच्यासाठी लबाडी का करावी, हा प्रश्न मला त्या निकालातून अधिक ठळकपणे दिसतो.

त्याच देशात राहत्या घराला संरक्षण देणारा पहिला कायदा १८३९ साली टेक्सासने केला, तेव्हा टेक्सास हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. आजही तेथे शहरात १० एकरांपर्यंतचे आणि ग्रामीण भागात कुटुंबासाठी २०० एकरांपर्यंतचे राहते घर, किंमत कितीही असो, सामान्य धनकोंपासून सुरक्षित असते. श्रीमंत कर्जदार अशा राज्यांत घाईघाईने आलिशान घरे घेऊ लागले, तेव्हा अमेरिकेच्या संघीय नादारी कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने अर्जापूर्वीच्या १,२१५ दिवसांत घेतलेल्या घरासाठी सवलतीला रकमेची मर्यादा घातली. इंग्लंडच्या १९८६ च्या कायद्यात व्यवसायाची हत्यारे, पुस्तके व वाहन, तसेच कुटुंबाच्या मूलभूत गरजेचे कपडे, अंथरूण आणि घरसामान वगळलेले आहे, मात्र एखादी वस्तू फारच महागडी असेल तर विश्वस्त ती विकून तिच्या जागी साधी, कामचलाऊ वस्तू देऊ शकतो. ही तरतूद मला फार समंजस वाटते. ऋणकोचे काम अडत नाही आणि धनकोला वरची किंमतही मिळते.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील स्थिती पाहिली की मान खाली जाते. सर्वसामान्य व्यक्तीला आजही मुंबई, कोलकाता व चेन्नई या जुन्या इलाखा शहरांत १९०९ च्या आणि अन्यत्र १९२० च्या कायद्याखालीच नादारी मागावी लागते. १९२० च्या कायद्याने, हिशेबाच्या वह्या सोडल्या तर, कलम ६० मधील यादी नादाराच्या मत्तेतून वगळली आहे, त्यामुळे तेथे निदान तत्त्व तरी शाबूत आहे. परंतु १९०९ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये नादार, त्याची पत्नी व मुले यांची हत्यारे, कपडे, अंथरूण, भांडी व सामान या सर्वांसाठी मिळून जी मर्यादा लिहिली गेली ती ३०० रुपयांची आहे. १९०९ साली ती कदाचित उदार असेल, आज त्या रकमेत धड एक चादर येत नाही. पगारातील संरक्षित रकमेचा १,००० चा आकडाही २००२ पासूनचा आहे, त्याआधी तो ४०० होता. अमेरिकेत संघीय सवलतींचे आकडे दर तीन वर्षांनी महागाईनुसार आपोआप वाढतात. राहत्या घरासाठीचा आकडा १ एप्रिल २०२५ पासून ३१,५७५ डॉलर झाला. आपल्याकडे आकडा एकदा कायद्यात लिहिला की तो एका पिढीचे पेन्शन होईपर्यंत तसाच राहतो.

२०१६ च्या संहितेने व्यक्तींसाठी सुधारित व्यवस्था लिहून ठेवली आहे. तिच्यात व्यवसायाला लागणारी हत्यारे, पुस्तके व वाहन, घरातील गरजेचे सामान, आयुर्विमा व निवृत्तिवेतन योजना, ठरावीक मूल्याचे दागिने आणि एक राहते घर वगळलेले आहे. संबंधित नियमांनी दागिन्यांची मर्यादा १ लाख रुपये, तर बोजारहित एकाच घराची मर्यादा शहरात २० लाख व ग्रामीण भागात १० लाख रुपये ठेवली आहे. परंतु हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. म्हणजे कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या संचालकाला घराचे संरक्षण आहे आणि स्वतःच्या देण्यात बुडालेल्या शिंप्याला, शिक्षकाला किंवा रिक्षाचालकाला ते नाही. उत्पन्न आणि मालमत्ता अत्यल्प असणाऱ्यांसाठी लिहिलेली ‘नवी सुरुवात’ नावाची प्रक्रियाही तशीच कागदावर पडून आहे. तिच्यासाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मत्ता २०,००० रुपयांपर्यंत आणि देणे ३५,००० रुपयांपर्यंत असावे अशी अट आहे. हे आकडेही, प्रक्रिया सुरू होण्याआधीच जुने झाले आहेत.

अर्ज करणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. मालमत्तेची यादी करताना वस्तूची किंमत विकत घेतल्या वेळची लिहू नये, आज ती जुनी म्हणून विकली तर काय येईल ती लिहावी, आणि प्राप्तिकराचा परतावा, अपघाताच्या नुकसानभरपाईचा प्रलंबित दावा, कोणाकडून येणे असलेले हातउसने, जुने शेअर्स, वडिलोपार्जित मिळकतीतील अविभक्त हिस्सा यांसारख्या डोळ्यांआड असलेल्या गोष्टी आवर्जून नमूद कराव्यात, कारण यादीत नसलेली वस्तू पुढे सापडली की ‘विसरलो’ हे उत्तर कोणी सहजी मानत नाही. दुसरे असे की, घरात शिरून सामान उचलण्याचा अधिकार वसुली करणाऱ्या खासगी माणसांना नाही. विनातारण कर्जासाठी आधी हुकूमनामा व मग न्यायालयाचे जप्ती-वॉरंट लागते आणि बेलिफालाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात प्रवेश करता येत नाही. कैदेची भीती तर त्याहून निराधार आहे. केवळ ऐपत नाही म्हणून ऋणकोला दिवाणी कैदेत टाकणे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्टपणे लिहिले आहे.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे की, लिलावाच्या नोटिसा ज्या पानावर येतात त्याच पानावर, महिन्यातून एकदा का होईना, कलम ६० ची यादी सोप्या मराठीत छापावी आणि तिच्याखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्यावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, कामगारांना, दिव्यांगांना आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणाऱ्यांना तेथे वकील विनामूल्य मिळतो. मजकूर मी स्वतः तयार करून पाठवण्यास तयार आहे. दोन रकान्यांत, एका मध्यम आकाराच्या ताबा-नोटिशीएवढ्या जागेत तो बसेल, हे मी मोजून पाहिले आहे.

आपला,
एक निवृत्त दिवाणी वकील